चौक आणि चौकट : मूल्यमापनाच्या नैतिकतेविषयी

१

‘मूल्यमापन’ हा शब्द मराठी समीक्षेत इतका रुळलेला आहे की त्यात दोन भिन्न क्रिया एकत्र बांधल्या गेल्या आहेत, हे सहसा ध्यानात येत नाही. मूल्य ओळखणे ही एक क्रिया. ते मापणे ही दुसरी. साहित्यकृतीच्या संदर्भात दुसऱ्या क्रियेला परिमाण नसते. कादंबरी श्रेष्ठ की कनिष्ठ हे सांगताना समीक्षक कोणताही आकडा उच्चारत नाही, आणि म्हणून ‘मापन’ हा शब्द तेथे निरुपद्रवी रूपकासारखा खपून जातो. चित्राच्या बाबतीत मात्र हे रूपक वाच्यार्थावर येते. चित्र विकले जाते, त्याचा विमा उतरवला जातो, वारसांत त्याची वाटणी होते. आणि अशा प्रत्येक प्रसंगी कोणी एक जाणकार त्याच्यापुढे उभा राहून रुपयांत एक आकडा सांगतो. समीक्षक ज्या प्रश्नापासून अंतर राखू शकतो, तो प्रश्न पारख करणाऱ्याला टाळता येत नाही.

या प्रश्नाचे नैतिक स्वरूप स्पष्ट व्हावे म्हणून एक उदाहरण कल्पिता येईल. डहाणूच्या किनारपट्टीवर चिकूच्या वाडीत एक जुने घर आहे. घोलवड–बोर्डीच्या बाजूला इराणी बागायतदारांनी वसवलेल्या वाड्यांत अशी घरे आढळतात. दिवाणखान्याच्या भिंतीवर दोन तसबिरी शेजारी शेजारी टांगलेल्या आहेत. एक जलरंगातील : बाग, फुललेली फांदी, तिच्यावर दोन-तीन पक्षी, पिसाऱ्यातील छटांसह काळजीपूर्वक रंगवलेले, चौकट सोनेरी मुलाम्याची. दुसरी गेरूच्या रंगाच्या कागदावर पांढऱ्या रेषांची : एक मोठे झाड, त्याच्या फांद्याफांद्यांवर पक्षी, बुंध्याशी माणसे, गुरे, कोंबड्या, चौकट साध्या लाकडाची. घराची वाटणी होत आहे आणि दोन्ही चित्रांची किंमत ठरवायची आहे. दोन्ही चित्रांत पक्षी आहेत, झाड आहे, काच आहे. दोन्हींना एकच माप लावणे न्याय्य होईल काय? आणि होत नसेल, तर अन्याय नेमका कोठे घडतो : कमी किंमत सांगण्यात, की मुळात किंमत सांगण्यात?

प्रस्तुत विवेचनाचा रोख या दुसऱ्या प्रश्नाकडे आहे. लोककलेच्या संदर्भात त्याचे एक उत्तर आज सहज दिले जाते : अशी कला अमूल्य असते, तिला किंमत लावणे हाच तिचा अपमान. हे उत्तर उदात्त वाटते. परंतु ज्या भूमीत ही कला जन्मली त्या भूमीचा इतिहास ते उत्तर तसेच्या तसे स्वीकारू देत नाही.

२

प्रथम पारख करणाऱ्याच्या कामाकडे पाहिले पाहिजे, कारण सौंदर्यशास्त्राला वाटते तितके ते काम यांत्रिक नाही. जलरंगाचे चित्र पुढे आले की तो आधी ते मूळ चित्र आहे की छापील प्रत, हे भिंगाखाली तपासतो. छापील प्रतीत रंगांचे बारीक ठिपके दिसतात. मग कागद : चिंध्यांपासून केलेला कागद दीर्घकाळ टिकतो, लाकडाच्या लगद्याचा कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. मागचा पुठ्ठा आम्लयुक्त असेल तर चित्राच्या कडांवर तपकिरी डाग उतरतात. कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत काचेला टेकलेल्या कागदावर बुरशी धरते, कसर लागते. यानंतर सही, पाठीमागची अक्षरे, मालकीची परंपरा, आणि शेवटी तशाच चित्रांना पूर्वी आलेल्या किमती.

या तपासणीतील एक टप्पा मात्र केवळ तांत्रिक म्हणून सोडून देता येत नाही. जलरंगातील काही रंग, विशेषतः वनस्पतिज तांबडे, प्रकाशाने उडतात. चित्र मुळात कसे होते हे जाणण्यासाठी पारखी ते चौकटीतून बाहेर काढतो आणि चौकटीच्या कडेखाली झाकली गेलेली अरुंद पट्टी पाहतो. ज्या भागावर प्रकाश पडला नाही तेथे रंग ताजा राहिलेला असतो. चित्राविषयीचा सर्वांत विश्वसनीय पुरावा चौकटीने झाकलेल्या भागात सापडावा, ही गोष्ट लक्षणीय आहे. पाहणाऱ्यासाठी चौकट जे दाखवते त्याहून जाणकारासाठी ती जे झाकते ते अधिक बोलके ठरते.

हाच न्याय चित्राच्या इतिहासालाही लावता येतो. बागेतील पक्ष्यांच्या जलरंगचित्रांची भारतातील एक ख्यातनाम परंपरा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यास आकाराला आली. तेथील सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एलायजा इंपी यांच्या पत्नी मेरी इंपी यांनी आपल्या आवारात पशुपक्षी पाळले होते, आणि १७७७च्या सुमारापासून पाटण्याकडचे तीन चित्रकार त्यांची चित्रे काढू लागले : शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास. मोगल दरबारी चित्रपरंपरेतून आलेला हात, इंग्लंडहून आलेला कागद आणि युरोपीय निसर्गशास्त्राची दृष्टी यांच्या संयोगातून तीनशेहून अधिक चित्रे तयार झाली, आणि त्यांतील बहुसंख्य पक्ष्यांची होती. १८१० मध्ये लंडनमधील लिलावात हा संग्रह विखुरला. चित्रांवर चित्रकारांची नावे फारसीत लिहिलेली होती. तरीही जगाने ही चित्रे दीर्घकाळ ओळखली ती ‘इंपी संग्रह’ म्हणून, आणि शैली ओळखली ती ‘कंपनी शैली’ म्हणून. एका नावाने मालकिणीची स्मृती राखली, दुसऱ्याने व्यापारी संस्थेची. २०१९ मध्ये लंडनच्या वॉलेस संग्रहालयात या चित्रांचे प्रदर्शन भरले तेव्हा त्याच्या शीर्षकातच या चित्रकारांना ‘विस्मृत’ म्हणावे लागले. विस्मृती चित्रांची झालेली नव्हती. ती सतत विकली आणि जपली जात होती. विस्मृती झाली होती ती हातांची.

यावरून एवढे निश्चित म्हणता येते की किंमत वाढणे आणि न्याय होणे या दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र असू शकतात. झैनुद्दीनच्या पक्ष्याला उच्च किंमत आली म्हणून झैनुद्दीनला न्याय मिळाला असे होत नाही. त्याच्या बाबतीत न्यायाचा पहिला टप्पा म्हणजे त्याचे नाव परत करणे.

३

दुसऱ्या तसबिरीकडे वळताच मात्र नाव परत करण्याचा हा उपाय अपुरा पडू लागतो. वारली चित्राचे मूळ स्थान लग्नघराच्या आतील भिंत हे आहे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पाण्याने, काडीचे टोक ठेचून केलेल्या कुंचल्याने, सवाशिणी चौक काढतात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवीची स्थापना होते, शेजारच्या लहान चौकात पाचशिऱ्या देव असतो, आणि भोवती झाडे, पक्षी, प्राणी, माणसे येतात. धवलेरी गाणी म्हणून विधी चालवते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. लग्न पार पडल्यावर चित्राचे काम संपते. ते धुराने काळवंडते, पुसट होते, पुढे कधी तरी सारवणाखाली जाते. ते जपण्याची व्यवस्था नाही, कारण जपण्याची गरज नाही. पुढच्या लग्नाला पुन्हा चौक काढायचाच असतो.

कान्टने १७९० मधील ग्रंथात तसबिरीची चौकट ही कलाकृतीच्या बाहेरची, केवळ अलंकरणाची बाब म्हणून गणली. देरिदाने १९७८ मध्ये या भेदावरच बोट ठेवले : चौकट आत की बाहेर हे ठरवताच येत नाही, आणि आतल्याला ‘आतले’पण देण्याचे काम तीच करते. वारली चित्राचा विचार केल्यास या वादाला एक वेगळे वळण मिळते. चौकाला स्वतःची चौकट असतेच. देवीभोवतीच्या नक्षीच्या पट्ट्या ही चित्राची शोभा नसून तिच्यासाठी आखलेली जागा असते. ‘चौक’ आणि ‘चौकट’ हे दोन्ही शब्द मराठीत चार बाजूंचेच आहेत; परंतु एक स्थापनेसाठी आखला जातो, दुसरी वेगळे काढण्यासाठी. चौकाच्या पट्ट्या देवीला त्या घराशी, त्या दिवसाशी, त्या वधूवरांशी जोडतात. सुताराची चौकट चित्राला घरापासून सोडवते आणि कोणत्याही भिंतीवर टांगण्यायोग्य करते. वॉल्टर बेंजामिनने पूजामूल्य आणि प्रदर्शनमूल्य असा जो भेद केला, तो येथे एका खिळ्याच्या अंतरावर पाहावयास मिळतो.

हे स्थित्यंतर कसे घडले त्याचा इतिहास फार जुना नाही. १९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने वारली पाड्यांत कागद आणि रंग नेले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्या हातून त्यानंतर जे चित्र निर्माण झाले ते विधीच्या चौकापासून अनेक अर्थांनी वेगळे होते. ते रोज काढले जाऊ लागले. ते पुरुषाने काढले. त्यात देवीऐवजी मासे पकडण्याचे जाळे, पीक, मुंग्यांची रांग, गोष्टी आल्या. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये पॅरिसमधील ‘पृथ्वीचे जादूगार’ या अर्थाच्या शीर्षकाच्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. यशोधरा दालमिया यांचा वारली चित्रांवरील ग्रंथ १९८८ मध्ये ललित कला अकादमीने प्रसिद्ध केला. पाड्यावरची कला अशा रीतीने कागदावर, कागदावरून तसबिरीत आणि तसबिरीतून ज्ञानव्यवहारात आली.

या वाटचालीकडे केवळ ऱ्हास म्हणून पाहणे सोयीचे, पण चुकीचे आहे. वाडीतल्या घरातील गेरूच्या रंगाचे चित्र चौकाची नक्कल नाही. त्यात पालघट नाही. तेथे झाड आहे आणि पक्षी आहेत. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांचा त्यात शोध घेता येईल : फांद्यांच्या बारीक रेषांचा परस्परसंवाद, बुंध्याच्या भरीव आकाराशी त्यांचा विरोध, दोहोंना तोलून धरणारी रिकामी जागा. त्या निकषांवर हे चित्र शेजारच्या जलरंगचित्राच्या बरोबरीने, कदाचित त्याहून सरस उतरेल. अलौकिकतावादी सौंदर्यशास्त्राला येथे थांबून निवाडा देता येईल. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा ज्या दोन ध्रुवांमध्ये कलाविचार हेलकावतो असे दाखवले, त्यांपैकी दुसऱ्या ध्रुवावर या दोन तसबिरींमध्ये काहीच अडचण नाही.

अडचण येते ती एका साध्या निरीक्षणाने. जलरंगातील बागेत माळी नाही. फांदी छाटणारा, पाणी घालणारा, पक्ष्यांना हाकलणारा हात चित्राबाहेर आहे; बाग जणू आपोआप फुलली आहे. वारली चित्रातील झाडाखाली मात्र कोणी धान्य कांडते आहे, कोणी डोक्यावर भारा घेऊन चालले आहे, कोणी ताडावर चढते आहे, आणि ही माणसे पक्ष्यांच्याच रेषेने, जवळजवळ पक्ष्यांच्याच आकाराची काढलेली आहेत. एका चित्रात श्रम चौकटीच्या बाहेर ठेवले आहेत. दुसऱ्यात ते आत आहेत. हा फरक आशयाचा आहे की रूपाचा, असा वाद घालता येईल. पण किंमत सांगताना हा फरक दिसेनासा होतो, याबद्दल वाद नाही.

४

आता ‘अमूल्य’ या उत्तराकडे येता येईल. त्यामागील तत्त्वविचार प्रबळ आहे. १७८५ मध्ये कान्टने असे मांडले की साध्यांच्या राज्यात प्रत्येक गोष्टीला एक तर किंमत असते किंवा प्रतिष्ठा. जिच्या जागी तिच्या तोलाचे दुसरे काही ठेवता येते तिला किंमत असते, आणि जिला असा पर्यायच नाही तिला प्रतिष्ठा असते. कान्टचा हा भेद मुळात माणसाच्या नैतिक अस्तित्वाविषयीचा आहे. कौशल्य, कल्पकता, विनोद यांना त्याने किमतीच्याच बाजूला ठेवले. तथापि पुढील काळातील कलाविचाराने प्रतिष्ठेची ही कल्पना माणसाकडून वस्तूकडे नेली. चौकाला पर्याय नाही, म्हणून चौकाला किंमत नाही. तो अमूल्य आहे. म्हणून त्याचे व्यवहारात येणे हे स्खलन आहे, असा हा युक्तिवाद.

त्याला छेद देणारी वस्तुस्थिती अशी की ज्या लग्नासाठी चौक काढला जाई, त्या लग्नाला किंमत होती, आणि ती अत्यंत क्रूर होती. डहाणू आणि त्या काळचा उंबरगाव तालुका, ज्याचा एक भाग पुढे तलासरी तालुका म्हणून महाराष्ट्रात राहिला, या भागात ‘लग्नगडी’ नावाची पद्धत होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडेसे कर्ज घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्या कामाला स्वतःला बांधून घ्यायचे. कर्ज फिटत नसे. नवऱ्यापाठोपाठ बायको आणि मुलेही त्या कामाला जुंपली जात. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या ग्रंथातून मराठी वाचकाला या पद्धतीचा परिचय आहे. मराठी समीक्षेने तो ग्रंथ आत्मकथन म्हणून वाचला, चळवळीचा इतिहास म्हणून वाचला. वारली चित्रांच्या सौंदर्यचर्चेत तो क्वचितच आणला जातो. वास्तविक तो चौकाच्या भिंतीपलीकडच्या खोलीचे वर्णन आहे. आतल्या भिंतीवर सवाशिणी जे काढत होत्या त्याला कोणी मोल लावत नव्हते. आणि त्याच घरातल्या नवरदेवाचे मोल ठरून गेले होते.

म्हणजे कान्टच्या भेदाची येथे नेमकी उलटापालट झालेली दिसते. वस्तूला प्रतिष्ठा होती आणि माणसाला किंमत. अशा स्थितीत ‘ही कला अमूल्य आहे’ या विधानाचा नैतिक अर्थ काय उरतो? पर्यायरहितता वस्तूच्या अंगी आहे असे मानले की ती निर्माण करणाऱ्या माणसाच्या अंगी ती आहे की नाही, हा प्रश्न विचारण्याची निकड संपते. वस्तूचे अमूल्यत्व माणसाच्या स्वस्ताईला झाकू शकते; आणि ते झाकणे द्वेषातून होत नाही, आदरातून होते, म्हणून ते अधिक काळ टिकते.

मराठी भाषा या बाबतीत तत्त्वज्ञानापेक्षा अधिक सावध आहे. ‘मूल्य’ आणि ‘मोल’ हे एकाच मुळाचे दोन शब्द. परंतु भाषेने त्यांची वाटणी करून टाकली आहे. मूल्य जीवनाला, कलेला, विचारांना, मोल मजुरीला. मोलमजुरी, मोलकरीण, मोलाने राबणे हे प्रयोग ज्या जगातले, त्या जगाविषयी ‘मूल्य’ शब्द फारसा वापरला जात नाही. आणि तरी ‘अनमोल’ म्हणताना मोलाच्या जगातलाच शब्द उचलून त्याला नकार जोडावा लागतो. समीक्षेची परिभाषा ‘मूल्य’ या शब्दावर उभी राहिली आणि ‘मोल’ तिच्या दाराबाहेर राहिले. वारली चित्रापुढे उभे राहिलेल्या समीक्षकाची अडचण ही आहे की तेथे या दोन शब्दांना पुन्हा एकत्र आणल्याखेरीज एकही प्रामाणिक वाक्य लिहिता येत नाही.

२३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठ व लग्नगडी यांना नकार देण्याचे ठरले. त्यानंतरच्या गवतकापणीच्या हंगामात मागणी पुढे आली ती पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये मजुरीची. ऑक्टोबर १९४५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात बळी गेले. मागणी टिकून राहिली. मूल्यमापनाच्या दृष्टीने ही घटना चित्राच्या कोणत्याही लिलावापेक्षा महत्त्वाची आहे. ज्यांचे मोल आजवर दुसरे ठरवत होते त्यांनी आपल्या श्रमाचा आकडा स्वतः उच्चारला. तो आकडा योग्य होता की नाही हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. तो कोणी उच्चारला हा नीतीचा. किंमत ही येथे प्रतिष्ठेच्या विरोधात उभी नाही. स्वतःच्या कामाची किंमत सांगण्याचा अधिकार हेच त्या क्षणी प्रतिष्ठेचे रूप होते.

५

या दृष्टीने पाहिल्यास गंजाडच्या चित्रकाराने कागदावर चित्र काढून त्याचे पैसे घेणे हे पावित्र्याचे स्खलन ठरत नाही. ते १९४५च्या गवताच्या दराशी नाते सांगणारे कृत्य ठरते. वाडीत मजुरीला जाणारा हात चित्रासाठी वेगळे मोल मागू शकतो, हा बदल लहान नाही. बाजाराला दोष द्यायचा तर तो किंमत लावल्याबद्दल देता येणार नाही. किंमत ठरवण्याच्या जागी चित्र काढणारा हजर नसतो, याबद्दल द्यावा लागेल.

त्याला हजर करण्याचे प्रयत्न कायद्याने केलेले आहेत, आणि त्यांच्या मर्यादाही उद्बोधक आहेत. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने कलम ५७ नुसार चित्रकाराला आपल्या कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा आणि तिच्या विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा हक्क दिला. १९९४च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ५३-अ नुसार मूळ चित्र दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेल्यास चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या रकमेत वाटा मागता येतो. त्याची कमाल मर्यादा दहा टक्के. चित्र घराबाहेर पडल्यावरही त्याच्यात निर्मात्याचे काही उरते, हे तत्त्व येथे मान्य झाले आहे. परंतु हा कायदा सही ओळखतो. दुसऱ्या बाजूला वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली. तो कायदा प्रदेश आणि समूह ओळखतो. एकाला व्यक्ती दिसते, दुसऱ्याला जमात. आतल्या भिंतीवर चौक काढणाऱ्या सवाशिणी दोहोंच्या मधल्या जागेत राहतात. त्या अनामिक समूह नाहीत, कारण प्रत्येक लग्नघराला त्या कोण हे माहीत असते. त्या सही करणाऱ्या कलावंतही नाहीत, कारण चौक एकीचा नसतो.

येथेच झैनुद्दीनच्या न्यायाची आणि या न्यायाची वाट वेगळी होते. झैनुद्दीनचे नाव चित्रावर होते आणि ते पुसले गेले. ते परत करता येते. चौकावर नाव कधी नव्हतेच. आणि कागदावरच्या चित्राला नाव आले तेव्हा ते बहुधा पुरुषाचे आले. प्रत्येक चित्रामागे नाव शोधणे हा सार्वत्रिक उपाय मानला तर स्त्रियांचे सामुदायिक कर्तृत्व मोजणीतून गळते. ‘ही समूहाची कला आहे’ एवढेच म्हटले तर मशे यांच्यासारख्या चित्रकाराची व्यक्तिगत प्रतिभा ‘वारली शैली’ या लेबलाखाली जाते, आणि मग चादरींवर, कपांवर, सरकारी भिंतींवर तीच आकृती कोणीही उमटवू शकतो. कंपनी शैली हे नाव जे करत होते तेच काम हे लेबल करू लागते. वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या कवितेने आदिवासींच्या दुःखाविषयी कोणी आणि कोठून बोलावे, हा प्रश्न मराठी साहित्यात उभा केला. चित्राच्या संदर्भात तोच प्रश्न असा होतो : दाद देणारा, संग्रह करणारा, किंमत सांगणारा हे सर्व बोलत असताना काढणाऱ्याला बसायला कोठे जागा आहे?

यावर एक आक्षेप संभवतो. पारख करणाऱ्याला वाटणीसाठी एक आकडा हवा आहे. त्याच्यावर इतिहासाचा एवढा भार टाकणे अन्यायाचे नाही काय? त्याने बाजारभाव सांगावा, नीतीचा विचार इतरांनी करावा. हा आक्षेप समीक्षकालाही सोयीचा आहे, कारण तोच तर्क ‘कृतीचे मूल्यमापन करावे, कर्त्याचे जीवन बाजूला ठेवावे’ या रूपात समीक्षेत वावरतो. त्याचे उत्तर पारख करणाऱ्याच्या व्यवहारातच आहे. जलरंगातल्या पक्ष्याची किंमत सांगण्यापूर्वी तो चित्र चौकटीबाहेर काढतो, कडेखालची पट्टी पाहतो, कागदाची पाठ वाचतो, ते कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेले हे विचारतो. यांतील एकही कृती तो अवांतर मानत नाही. यांतील एक जरी चुकली तरी त्याचा आकडा खोटा ठरतो. म्हणजे बाहेरचे पाहिल्याखेरीज आतले कळत नाही, हे त्याने एका चित्राबाबत मान्य केलेलेच आहे. दुसऱ्या चित्राबाबत तेवढीच चौकशी त्याच्याकडून अपेक्षित आहे : कोणत्या पाड्यावरचे, कोणाच्या हातचे, किती मोबदल्याने घेतले, त्या हाताला किंवा त्याच्या वारसांना काही देणे उरते का. जलरंगाच्या चित्राला ‘परंपरा’ म्हणून जे विचारले जाते ते गेरूच्या रंगाच्या चित्राला ‘लोककला’ म्हणून विचारलेच जात नाही, हा येथील मूळ अन्याय आहे. आणि तो ज्ञानाचा दोष असल्यामुळेच नीतीचा दोष होतो.

६

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. किंमत आणि मूल्य यांच्यात तत्त्वतः वैर आहे, असे दिसत नाही. किमतीला नकार देणे हे नेहमीच मूल्याचे रक्षण असते, असेही दिसत नाही; कधी तो नकार ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांनी दुसऱ्याच्या वतीने दिलेला असतो. मूल्यमापन नैतिक ठरते ते त्याच्या निकालावरून नव्हे, तर त्याने कोणाला पक्षकार मानले यावरून. पक्षकारांत विकणारा आहे, घेणारा आहे, जाणकार आहे. काढणारा नसेल तर आकडा कितीही मोठा असला तरी तो एकतर्फी निकाल राहतो.

मराठी समीक्षेने हे चित्रकलेचे प्रकरण म्हणून बाजूला सारू नये. मौखिक गीते, विधिनाट्ये, कहाण्या यांचे संकलन होऊन त्या ग्रंथांत येतात तेव्हा त्यांचीही तसबीरच होते. धवलेरीचे गाणे छापले जाते ते संकलकाच्या नावाने, प्रस्तावनेच्या चौकटीत. गाणारी असते तळटीपेत, किंवा तेथेही नसते. ‘मूल्य’ या शब्दाखाली अशा संहितांचे गुणगान करताना त्यांचे ‘मोल’ कोणी दिले, कोणी घेतले, हे विचारणे समीक्षेच्या कक्षेबाहेरचे मानले जाते. ती कक्षा म्हणजेही एक चौकटच आहे, आणि तिच्या कडेखाली काय झाकले गेले आहे हे पाहण्यासाठी ती अधूनमधून काढून ठेवावी लागते. चित्राला त्याने अपाय होत नाही. पारख करणारे हे काम रोज करतात, आणि पाहून झाल्यावर तसबीर पुन्हा भिंतीवर लावतात.